त्यांनी पडदा नेला

आमच्या संग्रहालयाच्या मागच्या दालनात एका चित्रावर खाकी पडदा आहे. तो मी लावला. त्यात कसलाही विचार नव्हता, कला तर त्याहून नव्हती. दालनाच्या खिडक्या पश्चिमेला आहेत, दुपारनंतर ऊन थेट भिंतीवर येतं आणि जलरंगाचं चित्र उन्हात विटतं. इतर जलरंग मी आतल्या अंधाऱ्या खोलीत हलवले. हे चित्र मोठं, तिथल्या ठेंगण्या भिंतीवर मावेना. खिडक्यांच्या काचांवर ऊन अडवणारी फिल्म लावून द्या, अशी फाईल मी नोकरीला लागले तेव्हाच वर पाठवली होती. आता माझी निवृत्ती जवळ आली, फाईल अजून तरुण आहे. वाट न बघता मी तेव्हाच आईला सांगितलं आणि तिने बाबांच्या फॅक्टरीतल्या जुन्या गणवेशाच्या कापडाचा पडदा शिवून दिला. वर नेफा, नेफ्यात नाडी. पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून खालच्या दुमडीत त्याच गणवेशाची पितळी बटणं भरली. ज्याला चित्र पाहायचं त्याने पडदा हाताने उचलायचा, पाहून झालं की सोडायचा. लोकांना हे न सांगता कळतं.

चित्र फॅक्टरीतल्याच एका ड्राफ्ट्समनने काढलेलं आहे. दिवसभर तोफांच्या भागांचे नकाशे काढायचा आणि सुटीला कॉलनीतली माणसं रंगवायचा. जेवणाच्या सुटीत फॅक्टरीच्या फाटकाशी डबे घेऊन आलेल्या बायका, असं ते चित्र. सगळ्यांत पुढची बाई डाळिंबी लुगडं नेसली आहे. कोणीतरी मागून हाक मारली असावी तशी ती वळून बघते आहे आणि हसू नुकतंच यायला लागलं आहे. डाळिंबी आणि गुलाबी हे रंग उजेडापुढे सगळ्यांत आधी हार खातात. म्हणून पडदा.

ती बाई ज्यांची बायको, ते काका अजून आहेत. फॅक्टरीत खरादीवर, म्हणजे लेथ मशीनवर, होते, निवृत्त झाल्यावर मुलाकडे सिहोऱ्याला राहायला गेले. बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली. घरी तिचे दोनच फोटो. एक लग्नातला, त्यात मान खाली. दुसरा रेशनकार्डासाठी काढलेला, त्यात ती कॅमेऱ्याला घाबरली आहे. हसणारी बायको बघायची तर काकांना बस धरून जबलपूरला यावं लागतं. ते येतात, पायऱ्यांवर कुणाशी तरी भांडतात, कमानिया गेटजवळून आणलेली जिलेबी पिशवीतून आत न्यायची की नाही यावर आमच्या शिपायाशी वाद घालतात, आणि मग पडदा उचलून उभे राहतात. हात भरून आला की दुसऱ्या हाताने धरतात.

मला ते बघवायचं नाही. मी ओरडायची, "काका, पुरे आता. सोडा पडदा. उजेड लागून राहिला तिला."

"काहून? झिजून राहिली का ती माझ्या पाहण्यानं?"

"होय, झिजून राहिली."

"घरवाली कोणाची? तुमची का माझी?" असं म्हणून ते आणखी थोडा वेळ धरून ठेवायचे. मग पडदा सोडून, बटणं भिंतीला लागून आवाज थांबेपर्यंत थांबायचे, आणि जायचे.

तर अशा या आमच्या संग्रहालयात, देशभरच्या कलासंग्रहालयांच्या क्युरेटरांची बैठक भरवायचं संचालनालयाने ठरवलं. देवाणघेवाण, असं तिचं नाव होतं. मला आनंद झाला, हे आज कबूल करायला लाज वाटते, पण झाला. माझ्याच पेशातली, शिकलेली माणसं येणार. खिडक्या बघतील, ऊन बघतील, चार ओळी लिहून देतील की बाई म्हणते ते खरं आहे. फाईल हलेल. माझी तेवढीच अपेक्षा होती.

माणसं आली. सगळ्यांच्या गळ्यात नावाच्या पट्ट्या, सगळ्यांच्या अंगावर हातमागाचे कुडते, आणि सगळ्यांच्या तोंडी तेच पाच-सहा शब्द. पहिल्या सत्रात संग्रहालय हे सत्तेचं स्थान आहे असं ठरलं. दुसऱ्यात संग्रहालयाने बोलायचं नाही, ऐकायचं असं ठरलं आणि ते सांगायला वक्ता वेळ संपल्यावरही थांबेना. एकाने प्रोजेक्टरवर दाखवलं की आता चित्रं भिंतीवर टांगायची गरज नाही, अंधाऱ्या खोलीत चारी भिंतींवर प्रकाशाने फिरवायची, लोक त्यात बसून फोटो काढतात. मी विचारलं, मग मूळ चित्राचं काय करायचं? तो म्हणाला, मूळ ही संकल्पनाच आता जुनी झाली. सगळ्यांनी माना हलवल्या. चहाच्या वेळी खोव्याची जिलेबी ठेवली होती, तिच्यावरही चर्चा झाली. एक जण म्हणाला हिचं दस्तऐवजीकरण व्हायला हवं. मी म्हटलं, भैया, पहले खा लो, ठंडी हो जाएगी.

माझा निबंध शेवटचा होता, जेवणानंतरचा. विषय: पश्चिमेच्या खिडक्या आणि जलरंग. मी उभी राहिले तेव्हा निम्मी माणसं भेडाघाटला नावेत बसायला निघून गेली होती. उरलेल्यांतले दोघं झोपले होते आणि साहेब, म्हणजे संचालनालयाचे आमचे अधिकारी, फोनवर होते. मी ऊन, काचा, डाळिंबी रंग सगळं सांगितलं. प्रश्न एकही आला नाही. एकाने टाळ्या वाजवल्या, बहुधा झोपेतून उठून.

एकच बाई मागच्या दालनात गेली. समुद्राकाठच्या मोठ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयाची क्युरेटर, मराठीच. माझं बोलणं ऐकून आधीच म्हणाली होती, "किती गोड बोलता हो तुम्ही! अगदी मातीतली भाषा." मी केंद्रीय विद्यालयात शिकले, माती कुठून आली देव जाणे. ती पडद्यासमोर उभी राहिली. मला वाटलं आता उचलेल. तिने मागे जाऊन फोटो काढला, बाजूने काढला, खाली बसून बटणांचा काढला.

"हे कोणी केलं?" तिने विचारलं.

"माझ्या आईने शिवला."

"आई कलाकार आहेत?"

"नाही. ती पेटीकोट पण शिवते."

तिने डोळे मिटले आणि मान हलवली. समारोपाच्या भाषणात ती अर्धा तास त्या पडद्यावर बोलली. शस्त्रं बनवणाऱ्या कारखान्याचं कापड एका बाईच्या चेहऱ्यावर. सैनिकी बटणांचं ओझं घरातल्या शिवणीत. पाहणाऱ्याला पाहण्याची परवानगी मागायला लावणारा पडदा. कोपऱ्यातल्या एका गावात एका अनामिक स्त्रीने आपल्या सगळ्यांच्या पुढचा विचार करून ठेवला आहे, असं ती म्हणाली आणि सभागृह उभं राहिलं. जबलपूरला गाव म्हटलं म्हणूनही कोणी हललं नाही. मी हात वर करून म्हटलं, "पडदा उन्हासाठी आहे." ती प्रेमाने हसली आणि म्हणाली की निर्माता नेहमी असंच म्हणतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती गोष्ट मी लग्नकार्यात सांगून लोकांना हसवलं असतं. पण पुढच्या महिन्यात पत्र आलं. त्यांच्या प्रदर्शनासाठी त्यांना पडदा हवा होता. पडदाच. चित्राचा उल्लेख नव्हता. साहेब हरखून गेले. आमच्याकडून पहिल्यांदाच कोणी काही मागितलं होतं. मी म्हटलं, पडदा गेला तर चित्रावर ऊन येईल. ते म्हणाले, "मैडम, आप हर चीज़ में धूप क्यों देखती हैं? कुछ पॉज़िटिव देखिए."

पडदा न्यायला माणसं आली ती पांढरे हातमोजे घालून. उसन्या वस्तूची तपासणी करून तिच्यावरचा प्रत्येक डाग लिहून ठेवायचा, हा आमच्या धंद्यातला रिवाज आहे आणि चांगला आहे. त्यांनी भिंग लावून आईचा पडदा तपासला. नेफ्याजवळ तेलाचा जुना ठिपका, मूळ असावा, जपावा, असं लिहिलं. तो आईच्या मशीनच्या तेलाचा होता. मग पडद्याला आम्लमुक्त कागदात गुंडाळून, दमट हवा शोषणाऱ्या पुड्या टाकून, फोमच्या खाचेत बसवून पेटी बंद केली. चित्र बाजूलाच टांगलेलं होतं, त्याच्याकडे एकाचीही नजर गेली नाही. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "माझा पडदा विमानानं चालला? मी तं नागपूरच्या पुढे नाही गेली अजून. त्या लोकायले सांग, परत द्याल तं धुवून द्या."

उसनी वस्तू जाते तेव्हा तिच्याबरोबर तिच्या संग्रहालयाचं माणूस जातं, हाही रिवाज. शिवाय देवाणघेवाणीत माझी निवड झाली होती, म्हणजे महिना-दीड महिना त्यांच्याकडे राहून पाहण्याच्या नव्या पद्धती शिकायच्या. जाण्याआधी मी चित्रावर एक जाड चादर टांगली, शिपायाला सांगितलं, भैया, ही कोणी काढू नका. आणि पेटीबरोबर निघाले.

तिथे काय शिकले ते थोडक्यात सांगते. एसीत बसून उन्हावर बोलायला शिकले. प्रदर्शनाच्या तयारीत मला कोणी कशाला हात लावू देईना, कारण मी मोजे घालायला विसरायची. पडद्याला खास उजेड ठरवला होता, अगदी मंद, कापड विटू नये म्हणून. त्या एका दिव्यासाठी तीन माणसं शिडीवर चढून माप घेत होती. मी खाली उभी राहून बघत होते आणि माझं डोकं फिरत होतं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी दालन खचाखच भरलं होतं. मधोमध आईचा पडदा, काचेत, हवेत टांगलेला. त्याच्या मागे काहीही नव्हतं. आणि समोरच्या भिंतीवर एक भलामोठा स्क्रीन. तो लागला तेव्हा मला आधी कळेना की हे काय आहे, ओळखीचं का वाटतंय. मग भिंतीवरचा ओलीचा डाग दिसला. आमची भिंत. आमचं दालन, थेट प्रक्षेपण. मी गेल्यावर यांची माणसं तिथे जाऊन कॅमेरा लावून आली होती. पडदा इथे आहे म्हणजे तिथे त्याची अनुपस्थिती आहे, तीही दाखवायची, अशी कल्पना होती. अनुपस्थिती अंधारात दिसत नाही, म्हणून पांढरा प्रखर दिवा लावला होता. चादर काढून टाकली होती. चित्र त्या दिव्याखाली उघडं होतं, वर रोजचं दुपारनंतरचं ऊन होतंच. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, हे कधीपासून? क्युरेटर बाई म्हणाली, "तुम्ही निघालात त्याच आठवड्यात. चाचणी घ्यायची होती ना. रात्रंदिवस चालू आहे, एकदाही बंद पडलं नाही." तिला त्याचा अभिमान होता.

मी काही बोलायच्या आत स्क्रीनवर एक माणूस आला. हातात पिशवी. काका होते. ते चित्रासमोर आले आणि नेहमीच्या सवयीने त्यांनी हात वर नेला, पडदा उचलायला. पडदा नव्हता. हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला, पुन्हा वर नेला. आवाज येत नव्हता, फक्त दिसत होतं. मान पुढे करून ते चित्राच्या अगदी जवळ गेले. नंतर दिव्याकडे वळले, हाताने डोळ्यांवर आडोसा केला आणि तोंड उघडून काहीतरी मोठ्याने ओरडले. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि चित्राला पाठ लावून उभे राहिले, दिवा आणि चित्र यांच्या मधे, दोन्ही हात पसरून.

दालनात टाळ्या पडल्या.

खरंच पडल्या. कोणीतरी म्हणालं, काय ताकदीचं सादरीकरण आहे. क्युरेटर बाई माझा दंड दाबून कुजबुजली, "हे तुम्ही ठरवून आणलंत? आम्हाला सांगितलंही नाही! कमाल आहे तुमची." मी आयुष्यात बऱ्याच मूर्खांना साहेब म्हटलं आहे, पण त्या क्षणी मला या पेशाची जी किळस आली ती आधी कधी आली नव्हती. मी तिचा हात झटकला, कोपऱ्यात गेले आणि शिपायाला फोन लावला.

"भैया, बत्ती बंद करो. तस्वीर उतारो. अभी."

"मैडम, साहब का आर्डर है, हाथ नहीं लगाना है."

"लगाओ हाथ. मैं कह रही हूँ. और काका को चाय पिलाओ."

थोड्या वेळाने स्क्रीनवर शिपाई दिसला. त्याने आणि काकांनी मिळून चित्र उतरवलं, दोघांनी दोन बाजू धरल्या आणि चौकटीबाहेर गेले. दिवा त्याने बंद केला नाही, साहेबांची भीती. उघडी भिंत, तिच्यावर चौकोनी डाग आणि दोन खिळे राहिले. मी दम धरून बसले की आता कोणीतरी विचारेल, चित्र कुठे गेलं? कोणी विचारलं नाही. त्या संध्याकाळी नाही, नंतरही नाही. प्रदर्शन संपेपर्यंत स्क्रीनवर आमचे दोन खिळे दिसत राहिले आणि माणसं त्यांच्यासमोर हनुवटीला हात लावून उभी राहत होती. एका मासिकाने लिहिलं की रिकाम्या भिंतीपाशी हे प्रदर्शन सर्वांत बोलकं होतं.

परत आल्यावर मी कपाटातून चित्र काढून टेबलावर ठेवलं. बाकीच्या बायकांच्या निळ्या-हिरव्या रंगांना फारसं काही झालं नव्हतं. डाळिंबी लुगडं मात्र धुवून धुवून जुनं झालेल्या कापडासारखं झालं होतं. गालावरची गुलाबी छटाही गेली होती. हसू होतं, कारण ते पेन्सिलीच्या रेघेत होतं. उडालेला रंग परत आणता येत नाही. वरून नवा भरला तर ते ड्राफ्ट्समनचं चित्र राहत नाही. थोड्याशा आठवड्यांत त्यांनी जे केलं ते आमच्या पश्चिमेच्या उन्हाला पडद्यामुळे इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.

पडदा वाजतगाजत परत आला. क्युरेटर बाई स्वतः घेऊन आली. भिंगाने पुन्हा तपासणी झाली. सगळं जसंच्या तसं, तेलाचा ठिपकाही जागेवर. तिने तो उघड्या भिंतीवर, त्या दोन खिळ्यांवर स्वतःच्या हातांनी टांगला, मागे सरून पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बाजूला उभी होते. मला वाटलं, आता तरी उचल, आता तरी विचार. तिने फोटो काढला आणि ओमती चौकातून टॅक्सी किती वेळात येते ते विचारलं.

साहेबांनी मात्र झटपट काम केलं. माझी फिल्मची फाईल इतकी वर्षं अडली होती, पण पडद्यासाठी ऊन अडवणाऱ्या खास काचेची पेटी महिन्याभरात मंजूर होऊन आली. देशात गाजलेला पडदा उन्हाने विटू नये म्हणून. पत्रात तसं स्पष्ट लिहिलं होतं. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि एकटीच खूप हसले. मग शिपायाला बोलावून त्या काचेच्या पेटीत चित्र बसवलं आणि आईचा पडदा धुवून पेटीवर, बाहेरून टांगला. साहेब अजून बघायला आलेले नाहीत. येणारही नाहीत, उद्घाटन नसलं की ते येत नाहीत.

त्यानंतर काका आले. मी त्यांना पायऱ्यांवरच गाठलं आणि सगळं सांगितलं, रंग उडाला आहे, भरून येणार नाही, आता काच लावली आहे. त्यांनी ऐकून घेतलं, जिलेबीची पिशवी न भांडता शिपायाकडे दिली आणि आत गेले. पडदा उचलला. मी मागे उभी होते. एखादा श्वास घ्यावा तेवढाच वेळ त्यांनी पाहिलं आणि पडदा सोडला. बटणं काचेवर वाजली.

मी म्हटलं, "काका, आता पाहा ना निवांत. काच आहे. मी नाही ओरडत."

"नाही बाई."

"अहो, काही होत नाही तिला आता."

"तुमच्या लोकांनी पाहून पाहून संपवली," ते म्हणाले. "आता मी कमी पाहतो. थोडी उरली, ते राहू दे."

ते अजूनही सिहोऱ्याहून येतात. पडदा उचलतात, लगेच सोडतात, आणि बसची वेळ होईपर्यंत बंद पडद्यासमोरच्या बाकावर बसून राहतात.